वाचकांचे प्रश्न : घरातला जुना व्हॅक्युम क्लीनर

जुन्या घरगुती यंत्रांविषयी येणाऱ्या पत्रांमध्ये व्हॅक्युम क्लीनरची पत्रे बरीच साठली होती, म्हणून या अंकात तेवढ्याच विषयावरची निवडक पत्रे घेतली आहेत. जागेअभावी पत्रांचा मजकूर थोडा आवरता घेतला आहे. उत्तरे देताना एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की पत्रलेखकांना ही यंत्रे विकायची नाहीत. आपल्या माणसांची आठवण म्हणून ती ठेवायची आहेत आणि जमल्यास वापरायचीही आहेत.

प्रश्न : आजीच्या निधनानंतर घर आवरताना माळ्यावर तिचा व्हॅक्युम क्लीनर सापडला. लांबट नळकांड्यासारखी धातूची बॉडी, खाली दोन घसरपट्ट्या आणि कापडी विणीची वायर असे त्याचे रूप आहे. किमान तीस वर्षे तो कोणी चालवलेला नाही. माझा धाकटा भाऊ ‘प्लग लावून बघू तरी’ म्हणत होता, त्याला मी कसेबसे थांबवले. मला तो चालू स्थितीत हवा आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपण भावाला थांबवलेत, तिथेच निम्मे काम झाले. रोजच्या वापरातले जुने यंत्र आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेले यंत्र यांची दुखणी वेगळी असतात. वापरातल्या यंत्राचे भाग झिजतात; पडून राहिलेल्या यंत्रातले रबर वाळते, वंगण गोंदासारखे चिकट होते, वायंडिंगवरचे, म्हणजे मोटारीतल्या तारांच्या गुंडाळीवरचे, इन्सुलेशन ओल धरते आणि वायरीतले रबर कापडी विणीच्या आत तडकून बसते. बाहेरून यांतले काहीच दिसत नाही. अशा यंत्राला एकदम पूर्ण दाबाची (व्होल्टेजची) वीज दिली, तर इतकी वर्षे सुखरूप राहिलेली मोटार पहिल्या काही सेकंदांतच जळू शकते, आणि बॉडी धातूची असल्यामुळे हात लावणाऱ्याला शॉकही बसू शकतो.

पहिले काम धुळीचे. आतल्या पिशवीत तेव्हाची धूळ अजून असेल, आणि त्या काळच्या घरांतल्या रंगांत शिसे असे, काही बांधकामांत अ‍ॅस्बेस्टॉसही असे. म्हणून यंत्र मोकळ्या हवेत न्यावे, एन-९५ दर्जाचा मास्क लावावा, पिशवी न झटकता प्लॅस्टिकच्या थैलीत घालून तोंड बांधावे. कितीही मोह झाला तरी हवेच्या फवाऱ्याने आतली धूळ उडवू नये. मऊ ब्रश आणि ओलसर फडके यांनी ती टिपून घ्यावी.

यंत्र उघडताना प्रत्येक टप्प्याला छायाचित्र काढून ठेवावे. स्क्रूंसाठी माझी पद्धत जुनी, पण खात्रीची आहे. जाड पुठ्ठ्यावर यंत्राची ढोबळ आकृती काढायची आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथे पुठ्ठ्याला भोक पाडून तो खोचून ठेवायचा. त्या काळी शेजारशेजारचे दोन स्क्रूही वेगवेगळ्या लांबीचे असत, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला की तो थेट वायंडिंगमध्ये घुसतो. गंजून अडकलेल्या स्क्रूवर जोर करू नये. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून तो रात्रभर तसाच ठेवावा आणि खाचेत अगदी नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर वापरावा. खाच एकदा झिजली की पुढे सगळे कठीण होऊन बसते.

आता वायर. ती प्लगजवळ आणि यंत्रात शिरते तिथे हलकेच वाकवून पाहा. आत करकर जाणवली किंवा विणीतून काळा चुरा गळला, तर रबर संपलेले आहे. अशी वायर इन्सुलेशन टेप गुंडाळून वाचवता येत नाही. ती पूर्ण बदलावी लागते. कापडी विणीची, पण आत नवे इन्सुलेशन असलेली वायर मिळते, त्यामुळे आजीच्या यंत्राचे रूप बिघडणार नाही. जुन्या धातूच्या यंत्रांना पुष्कळदा दोनच तारांची वायर असे, म्हणजे अर्थिंगच नसे. यंत्रावर एकात एक दोन चौकोनांची खूण नसेल, तर तीन तारांची वायर घालून तिसरी तार बॉडीला खरवडून स्वच्छ केलेल्या जागी, दातेरी वायसर घालून पक्की आवळावी. ती खूण असेल, तर यंत्र दुहेरी इन्सुलेशनचे समजावे. त्याला अर्थिंग जोडायचे नसते. वायर ओढली गेली तरी ताण जोडावर येऊ नये म्हणून तिला आत पकड असते. ती पकड परत बसवायला बहुतेक जण विसरतात.

वायरीनंतर स्विचजवळ किंवा मोटारीला चिकटून असलेली एक लहानशी नळी किंवा चौकोनी डबी शोधा. तो कंडेन्सर. मोटारीमुळे शेजारच्या रेडिओत होणारी खरखर कमी करणे एवढेच त्याचे काम. जुने कंडेन्सर कागद आणि मेण यांचे असत. वर्षांनी त्यांत ओल शिरते, ते गळू लागतात आणि वीज मिळताच कधी कधी फुटून धूर सोडतात. त्यातली एक बाजू बॉडीला जोडलेली असेल, तर गळका कंडेन्सर बॉडीत वीज उतरवतो आणि यंत्राला हात लावला की मुंग्या येतात. ‘आमचे यंत्र पूर्वीपासून असेच थोडे झिणझिणते’ असे लिहिणाऱ्या पत्रांपैकी पुष्कळांचे मूळ बहुधा हेच असावे. जुना कंडेन्सर काढून टाकावा. नवा घालायचाच असेल, तर वीजपुरवठ्याच्या दोन तारांमध्ये एक्स-२ आणि तार व बॉडी यांच्यामध्ये वाय-२ या वर्गाचाच घालावा. साधा चालत नाही. नाही घातला तरी यंत्र चालते.

एवढे झाल्यावर कंडेन्सर सुटा ठेवून मोटारीचे इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर) तपासून घ्यावे. अर्थिंग असलेल्या यंत्रात वीजवाहक भाग आणि बॉडी यांच्यामध्ये निदान १ मेगोहम आणि दुहेरी इन्सुलेशनच्या यंत्रात निदान २ मेगोहम रोध दिसला पाहिजे. कमी दिसला तर लगेच निराश होऊ नये. मोटार दोन-तीन दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवून पुन्हा मोजावी; ओल निघून गेल्यावर आकडा वर चढताना मी अनेकदा पाहिला आहे. साध्या मल्टिमीटरने ही चाचणी होत नाही, कारण त्याचा दाब फारच कमी असतो. मेगर नसेल आणि विजेच्या कामाचा सराव नसेल, तर वायर, अर्थिंग आणि ही तपासणी जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. बाकी सगळे घरी करण्यासारखे आहे.

पहिली वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. पिवळ्या उजेडाचा, तारेचा १०० वॉटचा बल्ब मोटारीच्या ओळीत जोडावा. एलईडीचा उपयोग नाही. मोटारीत कुठे शॉर्ट असला तरी बल्बमुळे प्रवाह मर्यादेत राहतो. बल्ब आधी लख्ख पेटेल, मोटार हळूहळू फिरू लागेल आणि तिने वेग घेतला की बल्ब जरा मंदावेल. तो मंदावण्याचा क्षण मला अजूनही आवडतो. बल्ब लख्खच राहिला आणि मोटार हललीही नाही, तर वीज बंद करून पुन्हा शोध सुरू करावा. ही चाचणी करताना मोटारीवरचा पंखा काढलेला नसावा. ही सिरीज जातीची मोटार असते. तिच्यावर भार नसेल आणि पूर्ण वीज मिळाली, तर तिचा वेग वाढतच जातो आणि आर्मेचरवरच्या, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागावरच्या, तारा उसवून निघू शकतात.

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांचा म्हणून एक विजेचा व्हॅक्युम क्लीनर आहे आणि तो १८९० सालचा असल्याचे घरात सांगतात. हे खरे असू शकेल का?

उत्तर : विजेवर चालणारा आणि घरात हातांनी फिरवता येणारा असेल, तर नाही. शोषून धूळ काढण्याचे यंत्रबळावरचे पहिले यशस्वी साधन ब्रिटिश अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ याने १९०१ मध्ये बनवले. त्याआधी त्याने लंडनमध्ये रेल्वेच्या डब्यांतली धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले होते. फुंकण्याऐवजी शोषून घेतले तर काय होईल, हे पाहायला त्याने उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून जोरात हवा ओढली आणि ठसका लागला. रुमालावर मात्र धुळीचा डाग उमटला होता. त्याचे यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यावर उभे राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जात.

हातात धरता येईल असे विजेचे यंत्र अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील कँटन येथे जेम्स मरे स्पँगलर या सफाई कामगाराने तयार केले. त्याला दम्याचा त्रास होता आणि झाडताना उडणारी धूळ सहन होत नव्हती. पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा ही त्याची सामग्री होती. पेटंट १९०८ मध्ये मिळाले आणि ते हूव्हर कुटुंबाने विकत घेतले. घसरपट्ट्यांवर आडवे सरकणारे नळकांडे स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने १९२१ मध्ये आणले. पहिल्या प्रश्नातले यंत्र त्याच वळणाचे दिसते.

आपले यंत्र पाहताना पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची माहितीपट्टी आधी वाचावी. साल क्वचितच असते, पण व्होल्ट, वॉट आणि क्रमांक असतात. काळपट तपकिरी, नखाने टकटक केल्यावर जड वाजणारा भाग बेकेलाइटचा (सुरुवातीच्या काळातल्या कडक प्लॅस्टिकचा) असेल, तर यंत्र १९१० च्या नंतरचेच. मूळची वायर पीव्हीसीची असेल, तर ते बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचे.

प्रश्न : वडिलांचा व्हॅक्युम क्लीनर सुरू होतो, पण मागच्या जाळीतून आत ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो. दुरुस्ती करणाऱ्याने मोटार बदला असे सांगितले. मूळ मोटार वाचवता येईल का?

उत्तर : मोटार बदलण्याचा सल्ला एवढ्या लवकर मान्य करू नये. या मोटारीत फिरणाऱ्या आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, तो कॉम्युटेटर. त्याच्या दोन बाजूंना स्प्रिंगने दाबलेले कार्बन असतात आणि वीज त्यांच्यातून आर्मेचरमध्ये जाते. कार्बनच्या मागच्या कडेला बारीक, निळसर ठिणग्या दिसणे हा या मोटारीचा स्वभाव आहे. त्या नारिंगी होऊन कॉम्युटेटरभोवती आगीचे कडे फिरू लागले, तर मात्र मोटार तत्काळ बंद करावी.

वीज पूर्ण काढून कार्बन बाहेर घ्या. ते कोणत्या बाजूचे आणि कोणत्या दिशेने बसले होते, हे पेन्सिलीने खुणावून ठेवा, कारण ते कॉम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे घासून बसलेले असतात आणि उलटे घातले की पुन्हा ठिणग्या सुरू होतात. लांबी ८–१० मिलिमीटरच्या खाली आली असेल, तर दोन्ही एकदम बदला. नेमका आकार मिळाला नाही, तर थोडा मोठा कार्बन घेऊन सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासत आणता येतो. आपल्या खाचेत तो आपोआप सरकला पाहिजे, पण डगमगता कामा नये. स्प्रिंग निळसर पडली असेल, तर ती तापून मऊ झालेली आहे, तीही बदलावी. पुष्कळदा कार्बन चांगला असतो आणि दोष थकलेल्या स्प्रिंगचा असतो.

आता कॉम्युटेटर उजेडात धरून पाहा. पट्ट्यांवर गुळगुळीत, चॉकलेटी तपकिरी थर दिसला तर त्याला हात लावू नये. हा मळ नव्हे. कार्बन आणि तांबे यांनी मिळून धरलेला तो पातळ थर असतो आणि त्याच्यावरच कार्बन सुरळीत सरकतो. नवशिके लोक तांबे सोन्यासारखे चमकेपर्यंत तो घासून काढतात आणि मग कार्बन दुप्पट वेगाने झिजतो. काळे, भाजलेले किंवा खडबडीत डाग असतील, तरच अतिशय बारीक काचपेपरची पट्टी लावून आर्मेचर हाताने फिरवत ते काढावेत. एमरी पेपर वापरू नये. त्याचे कण तांब्यात रुततात आणि वीज वाहूनही नेऊ शकतात. त्यानंतर दोन पट्ट्यांमधल्या खाचा लाकडी काडीने एकेक करून साफ कराव्यात. या खाचांत अभ्रक असतो आणि तो तांब्यापेक्षा किंचित खोल असावा लागतो; तांबे झिजून अभ्रक वर आला असेल, तर कार्बन त्यावरून उड्या मारत जातो आणि प्रत्येक उडीला ठिणगी पडते. अभ्रक खाली उतरवणे चिकाटीचे काम आहे, पण घरी होते. करवतीच्या पात्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी घासून खाचेइतका पातळ करावा आणि साधारण अर्धा मिलिमीटर खोलवर हलके ओढत जावे. मग सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे.

शेवटी मल्टिमीटरने लागोपाठच्या दोन-दोन पट्ट्यांमधला रोध पूर्ण गोल फिरून मोजा. सगळे आकडे साधारण सारखे यायला हवेत. एखाद्याच जोडीत रोध एकदम जास्त आला, तर तिथली तार तुटली आहे किंवा तिचा जोड सुटला आहे. जोड सुटला असेल तर तो नव्याने डाख देऊन सुधारता येतो. तार आत तुटली असेल तर रिवाइंडिंग, म्हणजे तारा नव्याने गुंडाळणे, करावे लागते. मोटार टाकून देण्याचा विचार तिथे पोहोचल्यावर करावा. माझ्याकडे ‘मोटार गेली’ म्हणून आलेल्या यंत्रांपैकी बरीच नुसत्या कार्बनवर उठून बसली आहेत.

प्रश्न : आईचा व्हॅक्युम क्लीनर जोरात गर्जतो, पण ओढत काहीच नाही. मोटारीचा आवाज पूर्वीपेक्षा चढा वाटतो, म्हणजे मोटार चांगलीच असणार. मग ओढ कुठे जाते?

उत्तर : चढा आवाज मोटार चांगली असल्याचा पुरावा असेलच असे नाही, बहुधा ती कुठेतरी वाट अडल्याची तक्रार असते. नळीच्या तोंडावर तळहात ठेवला की यंत्राचा सूर वर जातो, हे आपण ऐकले असेल. आपल्याला वाटते, मोटारीवर ताण आला. प्रत्यक्षात हवा पुढे सरकेनाशी झाल्यामुळे पंख्याला ढकलायला काही उरत नाही, भार हलका होतो आणि मोटार वेग घेते. त्याच वेळी तिला थंड करणारी हवाही कमी पडते, म्हणून असे यंत्र फार वेळ चालवू नये.

नळी काढून यंत्राच्या तोंडाशी तळहात धरा. तिथे ओढ भरपूर असेल आणि नळीच्या टोकाशी नसेल, तर दोष नळीत आहे. तोंडाशीही नसेल, तर पिशवीत किंवा आत. जुनी नळी म्हणजे तारेची गुंडाळी आणि वर रबर लावलेले कापड. तिच्या वळणांत गुंतलेली केसांची गुठळी बाहेरून दिसत नाही. एका टोकातून गोटी सोडून दुसऱ्या टोकाने ती बाहेर येते का पाहावे. ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. भेगांसाठी यंत्र सुरू ठेवून नळीवरून ओला हात फिरवावा, हवा आत जाते तिथे गारवा लागतो. लहान भेगेवर आतून रबराचे सोल्यूशन आणि बाहेरून त्याच रंगाची कापडी पट्टी पुरते. नळी धुऊ नये. आतली तार गंजते.

कापडी पिशवी बाहेरून स्वच्छ दिसत असली, तरी विणीची छिद्रे बारीक धुळीने बुजलेली असतात. पिशवीने धूळ धरली पाहिजे आणि हवा सोडली पाहिजे, आणि वर्षांनी ती दोन्ही धरू लागते. पिशवी उलटी करून मऊ ब्रशने झाडावी. धुवायचा मोह होतो, पण धुतल्यावर घट्ट वीण आटते किंवा सैलावते आणि मग बारीक धूळ आरपार खोलीत येते. फाटलीच असेल, तर घट्ट विणीच्या सुती ड्रिलची नवी शिवून घ्यावी आणि शिवणी दुहेरी दुमडून घालाव्यात, नाहीतर सुईच्या छिद्रांतून धूळ निघते. झाकणाभोवतीचे रबर नखाने दाबून पाहावे. खळगा पडून तो पुन्हा भरला नाही, किंवा रबर तडकले, तर त्या जागी बंद छिद्रांच्या फोमची पट्टी लावावी.

यंत्र उभे, दांड्याला पिशवी लटकवलेले असेल, तर आणखी दोन जागा पाहाव्या लागतात. या यंत्रांपैकी पुष्कळांत धूळ पिशवीत जाण्याआधी पंख्यातूनच जाते. एखादा स्क्रू किंवा नाणे आत गेले की पाते तुटते, ओढ कमी होते आणि तोल बिघडून यंत्र थरथरते. पंखा काढताना नटाचे आटे उलटे असू शकतात, हे ध्यानात ठेवून आधी दोन्ही दिशांना हलकेच पाहावे. दुसरी जागा खालच्या फिरत्या ब्रशची. त्याचा रबरी पट्टा सैल पडला की ब्रश गालिच्याला टेकताच थांबतो. ब्रशचे केस तोंडाच्या कडेच्या खाली जेमतेम एका जाड कार्डाइतके तरी आलेले असावेत. ब्रशच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेले दोरे आणि केस ब्लेडने कापून काढावेत. तिथल्या बेअरिंगचा जीव त्यांनीच जातो.

प्रश्न : मोटार सुरू होताना किंचाळते आणि नंतर शांत होते. मशीनचे तेल घातले तर चालेल का?

उत्तर : आधी शाफ्ट, म्हणजे मोटारीचा फिरता दांडा, बुशमध्ये (साध्या धातूच्या नळीत) फिरतो की बॉल बेअरिंगमध्ये, हे पाहावे. पितळी बुश आणि त्याभोवती नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती असेल, तर हलक्या यंत्रतेलाचे दोन-तीन थेंब नमद्यावर सोडावेत. नमदा ते हळूहळू शाफ्टला देत राहतो. स्वयंपाकाचे तेल कधीही नको, ते पुढे राळेसारखे घट्ट होते. गंज सोडवणारा फवाराही वंगण म्हणून नको. तो लवकर उडून जातो आणि उरलेले वंगणही धुऊन नेतो.

प्रमाणाविषयी माझाच एक धडा सांगतो. शिकाऊ असताना एका घरच्या यंत्राच्या बुशात मी चमचाभर तेल ओतले, कारण थेंबांवर माझा विश्वास नव्हता. मोटार मिनिटभर अगदी मुलायम चालली. मग जादा तेल शाफ्टवरून कॉम्युटेटरवर उडाले, कार्बनच्या भुकटीत मिसळून काळी लापशी झाली आणि जाळीतून धूर येऊ लागला. ती साफ करण्यात माझा एक पूर्ण दिवस गेला.

बॉल बेअरिंग असेल, तर तेल घालून वेळ मारून नेऊ नये, बेअरिंगच बदलावे. त्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. ६०८ हा नेहमी भेटणारा. आतला व्यास ८, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. शाफ्टवर बसवताना नळीचा तुकडा फक्त आतल्या कड्यावर टेकवून ठोकावे. बाहेरच्या कड्यावर ठोकले, तर गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरते.

प्रश्न : आत्याने परदेशातून आणलेल्या यंत्रावर ‘११०–१२० व्होल्ट, एसी/डीसी’ असे लिहिले आहे. एसी आणि डीसी दोन्हींवर चालते, तर २३० व्होल्टवरही चालेल ना?

उत्तर : नाही. एसी/डीसीचा अर्थ प्रवाह कोणत्याही जातीचा असला तरी चालेल एवढाच; दाब लिहिलेला तेवढाच हवा. दुप्पट दाबावर ही मोटार भयंकर वेगाने फिरून काही क्षणांत जळेल. यंत्राच्या वॉटपेक्षा निदान दीडपट क्षमतेचा, दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वापरावा. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाने या मोटारीचे काही बिघडत नाही.

प्रश्न : आजोबांच्या यंत्राची बॉडी रंग उडालेली आहे, बेकेलाइटची मूठ निस्तेज आणि एका जागी तडकलेली आहे, क्रोमवर गंजाचे ठिपके आहेत. मुलगा म्हणतो, सगळे घासून नवा रंग देऊ. मुठीच्या आतल्या बाजूला आजोबांनी चाकूने आपली आद्याक्षरे कोरली आहेत. काय करावे?

उत्तर : मुलाला थोडे थांबायला सांगावे. विजेच्या बाबतीत मी काहीही जुने राखून ठेवत नाही; वायर, कंडेन्सर, फुटका प्लग बदलतोच. बाहेरच्या अंगाच्या बाबतीत माझा हात उलटा चालतो. जिथे रोज हात पडून रंग गेला आहे, दाराच्या उंबऱ्याला आपटून पोचा आला आहे, ती जागा पुन्हा मिळत नाही. नवा रंग कधीही देता येतो. जुना परत आणता येत नाही.

आधी फक्त धुवा. कोमट पाण्यात पातळ साबण, पिळलेले फडके आणि लगेच कोरडे पुसणे. एवढ्यानेच निम्मी कळा परतते. नाव आणि नक्षी यांच्या चिकटचित्रांवर अल्कोहोल किंवा थिनर लागू देऊ नये. साबणाचे पाणीही आधी कोपऱ्यावर तपासावे. क्रोमवरचे हलके ठिपके अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात बुडवून हळू घासला की जातात. क्रोमचा थरच उडाला असेल, तर तिथे मेणाचा हात देऊन थांबावे. बॉडीवर जिथे लोखंड उघडे पडून गंज धरतो आहे, तेवढ्याच जागेचा गंज काढून तिथे गंजरोधक आणि जुळणारा रंग बारीक ब्रशने लावावा.

बेकेलाइटची निस्तेज कांती हा मळ नसतो. त्यात भर म्हणून लाकडाची भुकटी घातलेली असते. ऊन आणि ओलावा यांनी वरची राळ झिजली की ती भुकटी उघडी पडते. बारीक पॉलिश पेस्ट मऊ फडक्याने लावून थोडी चमक आणता येते, पुढे मेण लावावे. कोरडे घासून भुकटी उडवू नये, कारण काही जुन्या बेकेलाइटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचीही भर असे. बेकेलाइट तापवून वितळत नाही, त्यामुळे तडा ‘वेल्ड’ करता येत नाही. दोन भागांचे इपॉक्सी त्यात काळा किंवा तपकिरी रंग मिसळून भरावे आणि चोवीस तास बांधून ठेवावे. मुठीच्या आत वायर जात असेल, तर तड्यातून ती उघडी पडत नाही ना, हे आधी पाहावे. तशी पडत असेल तर इपॉक्सीवर भिस्त न ठेवता मूठ बदलावी आणि मूळची जपून ठेवावी. आद्याक्षरांमध्ये पॉलिश साचू देऊ नये. साचलीच, तर लाकडी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून ती काढावी. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून एका डब्यात यंत्रासोबत ठेवावा.

प्रश्न : दुरुस्त केलेले यंत्र रोज वापरावे का? वापरायचे नसेल तेव्हा कसे ठेवावे?

उत्तर : रोज नको. आठवड्यातून एकदा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, कोरड्या धुळीसाठी वापरावे. ओले, राख किंवा बांधकामाची भुकटी त्याला देऊ नये. ज्या सर्किटला ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे संरक्षण आहे, तिथेच प्लग लावावा. त्यात हवा गाळणारे आजच्यासारखे बारीक फिल्टर नाहीत, म्हणून घरात कोणाला दमा असेल तर ती खोली रिकामी असताना चालवावे. ठेवताना पिशवी रिकामी करावी, वायर सैल वेटोळ्यांत गुंडाळावी, फिरत्या ब्रशचा पट्टा एका बाजूने उतरवून ठेवावा आणि नळी मोडून न ठेवता लांब टांगावी. महिन्यातून एकदा दोन मिनिटे चालवले की पुरे.